गिरड परिसरातील नव्या घराची आखणी : ऊन, कापूस आणि कुटुंबाचा वावर

प्रास्ताविक :

ग्रामीण भागात नवीन घर बांधताना सर्वाधिक चर्चा होते ती सिमेंट, लोखंड आणि विटांच्या दरांची. घराचा नकाशा मात्र बहुधा एका संध्याकाळीच ठरून जातो. कधी मिस्त्रीने जमिनीवर ओढलेल्या रेघांनी, तर कधी शहरातील नातेवाइकाच्या फ्लॅटच्या नमुन्यावरून. वास्तविक विटेतील उणीव प्लास्टरने झाकता येते. चुकीच्या जागी उभी राहिलेली भिंत पुढे हलविता येत नाही. वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील गिरड हे शेख फरीद यांच्या टेकडीवरील दर्ग्यामुळे विदर्भात सुपरिचित असलेले गाव. अशा गावातील शेतकरी कुटुंबाने घराच्या खोल्या कोणत्या दिशेस व कोणत्या क्रमाने मांडाव्यात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. 'हॉल-किचन-बेडरूम' ही शहरी मांडणी येथे अपुरी पडते. कारण तीत पश्चिमेच्या उन्हाचा विचार नसतो आणि कापसाला जागा नसते.

उन्हाची दिशा :

गिरड साधारण २०.७ उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे २१ जूनच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर, किंबहुना किंचित उत्तरेकडे असतो. २२ डिसेंबरच्या सुमारास तो दक्षिणेस क्षितिजापासून केवळ ४६ अंश वर येतो. दक्षिणेच्या चार फूट उंच खिडकीवर लगतच दोन फुटांचा छज्जा काढला, तर मार्च व सप्टेंबरमधील विषुवदिनी मध्यान्हीचे ऊन खिडकीत शिरत नाही आणि डिसेंबरात मात्र खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागातून ते घरात येते. उन्हाळ्यात सावली, हिवाळ्यात ऊब, असा दुहेरी लाभ एका छज्जाने साधतो.

पश्चिमेला हा हिशेब लागू पडत नाही. मे महिन्याच्या मध्यास दुपारी चार वाजता सूर्य जवळजवळ थेट पश्चिमेस, सुमारे ३६ अंशांवर असतो. त्या वेळी दोन फुटांच्या छज्जाची सावली जेमतेम दीड फूट खाली उतरते. उरलेली अडीच फूट खिडकी उन्हातच राहते. पारा ४५ अंशांपलीकडे जाणे जेथे नवलाचे नाही, तेथे पश्चिमेची मोठी खिडकी ही शोभा नसून शिक्षाच ठरते. म्हणून घराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी आणि पश्चिमेच्या आखूड बाजूस न्हाणी, शौचालय, अवजारांची खोली अशा अल्पकाळ वापराच्या जागा द्याव्यात. पावसाळी वारा प्रामुख्याने नैऋत्य-पश्चिमेकडूनच येत असल्याने ती भिंत पूर्णतः बंद करणेही इष्ट नाही. उंचावर लहान झरोके पुरेसे होतात.

येथे वास्तुशास्त्राच्या प्रचलित नियमांचा प्रश्न उपस्थित होतो. आग्नेयेस स्वयंपाकघर असावे हा संकेत या हवामानाशी जुळतो. तेथे सकाळचे ऊन मिळते आणि दुपारनंतर सावली येते. घरातील स्त्रीचा दिवसातील मोठा काळ चुलीपुढे जातो हे लक्षात घेता ही बाब सामान्य नव्हे. परंतु कुटुंबप्रमुखाची निजण्याची खोली नैऋत्येस असावी हा नियम येथे तापदायक ठरतो. नऊ इंची विटांची भिंत दुपारी शोषलेली उष्णता साधारण सहा-सात तासांनी आत सोडते. म्हणजे नेमकी निजण्याच्या वेळी. ज्यांना नियम पाळावयाचाच आहे, त्यांनी त्या भिंतीबाहेर पडवी काढावी अथवा कडुनिंब लावावा.

कूलर हा विदर्भातील घराचा जणू एक सभासदच. पण नकाशात त्याची नोंद क्वचितच असते. आत आलेली हवा समोरच्या बाजूने बाहेर पडली नाही, तर खोलीत केवळ दमटपणा साचतो. यास्तव कूलरची खिडकी उत्तरेस, सावलीत, पाण्याच्या नळाजवळ आणि समोरच्या भिंतीत हवेचा निकास, एवढे आखणीतच ठरले पाहिजे.

कापूस कोठे ठेवावयाचा?

गिरड परिसरातील शेती मुख्यतः कापूस व सोयाबीनची. वेचलेला कापूस भाव मिळेपर्यंत शेतकरी घरात साठवितो, आणि फ्लॅटच्या धर्तीवर बांधलेल्या घरात तो थेट 'हॉल'मध्ये येतो. मग पाहुणे अंगणात, मुलांचा अभ्यास स्वयंपाकघरात आणि निजणे कापसाच्या ढिगाशेजारी! साठविलेल्या कापसामुळे अंगास खाज सुटते, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. आगीचा धोका तर वेगळाच. जुन्या घरांत कोठीची खोली असे, ती निरर्थक नव्हती. नव्या घरात बैलगाडी किंवा ट्रॅक्टर थेट दारापर्यंत येईल अशी, चुलीपासून दूर व निजण्याच्या खोलीत न उघडणारी स्वतंत्र खोली हवी. उन्हाळ्यात रिकामी राहणारी ही खोली पश्चिमेस ठेवल्यास उन्हाला आडोसाही होतो.

काळ्या मातीचाही आखणीशी संबंध आहे. ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. वेडेवाकडे कोपरे असलेल्या घराचा पाया तीवर असमान उचलला जातो आणि भिंतींना तडे जातात. साधा आयताकृती नकाशा या दृष्टीने अधिक सुरक्षित होय. न्हाणीचे सांडपाणी पायालगत मुरू न देणे हेही तितकेच आवश्यक.

सेवाग्रामचा दाखला :

मर्यादित खर्चात जागेचा विचार कसा करावा, याचे उदाहरण जिल्ह्यातच आहे. १९३६ मध्ये महात्मा गांधी तत्कालीन शेगाव, म्हणजे आजच्या सेवाग्राम येथे राहावयास आले. निवासाचा खर्च शंभर रुपयांहून अधिक नसावा व साहित्य परिसरातीलच असावे, अशी त्यांची अट होती. माती, बांबू व कौले यांची बापू कुटी मुळात मीराबेन यांची होती. १९७८ मध्ये तेथे आलेले विचारवंत इव्हान इलिच यांनी या कुटीत सात प्रकारच्या जागा मोजल्या : पादत्राणे काढण्याची जागा, मधली मोठी खोली, गांधीजींची काम करण्याची जागा, पाहुण्यांची खोली, रुग्णाची खोली, मोकळी ओसरी आणि प्रशस्त न्हाणीघर. यात रुग्णासाठी स्वतंत्र जागा आहे, हे विशेष. आजच्या किती नकाशांत आजारी वा वृद्ध माणसाचा विचार असतो? त्याची खाट बहुधा जिन्याखाली जाते. ओसरीलगत, न्हाणीजवळ आणि उंबरा नसलेली एक लहान खोली आरंभीच योजिली, तर हा प्रसंग टळतो.

ओसरीचे महत्त्व याहून मोठे आहे. बाहेरचा माणूस थेट घरात न येता तेथे थांबतो, धान्य तेथे निवडले जाते आणि भिंतीवर ऊनही पडत नाही. फ्लॅटच्या नकलेत सर्वप्रथम कापली जाते ती ओसरीच.

लहान घरकुल :

२०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) घराचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट ठरविले गेले. इंदिरा आवास योजनेत ते २० चौरस मीटर होते. एवढ्यात दोन बंदिस्त खोल्या कोंबण्यापेक्षा एक मोठी खोली, पूर्वेस लहान स्वयंपाकघर आणि उरलेल्या जागेत ओसरी अशी मांडणी अधिक उपयुक्त ठरते. कापसाची खोली पुढील एखाद्या हंगामात बांधता येईल. त्यासाठी आज पश्चिमेच्या भिंतीत दाराच्या मापाची लिंटेल टाकून, तिच्याखालची जागा विटांनी तात्पुरती बंद करून ठेवावी. त्यामुळे पुढे दार काढताना भिंत फोडावी लागत नाही.