द्राक्षातलं औषध लॅबमध्ये कसं पकडलं जातं?

निर्यातीच्या द्राक्षाचा नमुना आधी लॅबमध्ये जातो. 'रेसिड्यू फेल' आला, की माल लोकल बाजारात द्यावा लागतो. पण डोळ्यांना न दिसणारं औषध सापडतं कसं?

द्राक्षं वाटून अर्क काढतात आणि तो बारीक भुकटी भरलेल्या नळीतून दाबाने सोडतात. भुकटीला जास्त चिकटणारं रसायन मागे रेंगाळतं, कमी चिकटणारं आधी बाहेर पडतं. हीच क्रोमॅटोग्राफी. नळीतून बाहेर यायची वेळ आणि रेणूचं वजन माहितीतल्या औषधाशी जुळलं, की नाव पक्कं.

२०१० मध्ये युरोपात भारतीय द्राक्षं अडकली ती अशाच तपासणीत. निघालं क्लोरमेक्वाट, म्हणजे बागायतदारांचं 'सीसीसी'. तिथे अनेक औषधांची मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे शंभर टनांत एक ग्रॅम! शेजारच्या बागेतून वाऱ्याने आलेला फवाराही यात सापडू शकतो.