बटाट्याच्या शेतात उतरलेला अंतराळवीर आणि एक रुबलचे नाणे

स्मारक नाणे आपल्याला नवे नाही. १९७० साली ‘सब के लिए अन्न’ असे लिहिलेले वीस पैशांचे पिवळे नाणे निघाले होते. जुन्या मंडळींना ते आठवत असेल. एखाद्या मोठ्या गोष्टीची आठवण राहावी म्हणून सरकार असे नाणे पाडते.

असेच एक नाणे १९८१ साली सोव्हिएत संघाने काढले. किंमत एक रुबल, धातू तांबे-निकेल. माणसाच्या पहिल्या अंतराळ प्रवासाला वीस वर्षे झाली, म्हणून त्यावर युरी गागारिन यांची छबी.

हे गागारिन कोण? खेड्यातल्या कष्टकरी घरचेच. गाव क्लुशिनो. वडील सामुदायिक शेतीवर सुतारकाम करीत, आई गाईंच्या धारा काढी. महायुद्धात जर्मन सैन्याने घर बळकावले, तेव्हा हे कुटुंब अंगणात खणलेल्या खोपटात राहिले. त्याच घरातल्या मुलाने १२ एप्रिल १९६१ रोजी रॉकेटातून जाऊन पृथ्वीला फेरी मारली. सगळा प्रवास १०८ मिनिटांचा. आणि उतरले कुठे? सारातोव्ह भागातल्या शेतात, पॅराशूटने! तिथे एक बाई नातीला घेऊन बटाटे लावीत होती. नारिंगी पोशाख नि पांढरे शिरस्त्राण पाहून दोघी घाबरल्या. आपण इथलेच आहोत, असे त्यांनी सांगितले तेव्हा कुठे धीर आला.

आता व्यवहाराचे बोलू. हे नाणे सुमारे ४० लाख पाडले गेले. म्हणजे आठवण मोठी असली, तरी नाणे दुर्मिळ नाही. बियाण्याची पिशवी घेताना आपण टॅग आणि लॉट नंबर पाहतो, पावती मागतो. नाण्याचेही तसेच. किती पाडली, स्थिती कशी, घेणारा कोण, हे आधी विचारा. जुनेपणावर किंवा रॉकेटच्या चित्रावर भाव ठरत नाही.

‘जुने नाणे द्या, लाखो रुपये घ्या’ अशा जाहिराती मोबाईलवर येतात. मग नोंदणी फी, कमिशन, कर अशा नावांनी आपल्याकडूनच पैसे काढले जातात. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी स्पष्ट सांगितले आहे, की ती असा व्यवहार करीत नाही, फी घेत नाही आणि तिच्या नावाने फी घेण्याचा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही. एक खूणगाठ बांधा. खरा गिऱ्हाईक पैसे देतो, मागत नाही.

सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी मंडळींनी हे ग्रामसभेत सांगावे. कोणी फसलाच, तर लाजू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. उशीर झाला की पैसा हाती लागणे कठीण.

आणि असे एखादे नाणे घरात असेलच, तर विकायची घाई कशाला? मुलांच्या हातावर ठेवा नि बटाट्याच्या शेतातली गोष्ट सांगा.