रीलमधलं गोंडस मार्मोसेट आजारी आहे का, हे त्याच्या कवटीचा एक्स-रे सांगतो

कुणाच्या तरी बोटाला बिलगून बसलेलं, कानांवर पांढऱ्या केसांचे झुपके असलेलं चिमुकलं माकड तुम्हीही रीलमध्ये पाहिलं असेल. त्याचं नाव मार्मोसेट. मूळचं ते ईशान्य ब्राझीलच्या जंगलातलं. पूर्ण वाढ झाली तरी वजन साधारण ३०० ते ४०० ग्रॅमच भरतं. रीलमध्ये ते मजेत दिसतं, पण खरी अवस्था अनेकदा प्राण्यांच्या डॉक्टरकडे गेल्यावर, कवटीचा एक्स-रे काढल्यावरच कळते.

लिंबाएवढ्या कवटीत असतं तरी काय?

बत्तिशी फक्त माणसालाच असते असं नाही, मार्मोसेटलाही बरोबर ३२ दात असतात. फरक एवढाच, की त्याला अक्कलदाढा नसतात आणि प्रत्येक बाजूला एक उपदाढ जास्त असते. त्याचे खालचे पटाशीचे दात लांब, जवळजवळ सुळ्यांएवढे उंच असतात. त्यांच्या आतल्या बाजूला टणक आवरण जवळपास नसतंच. त्यामुळे दात झिजताना पटाशीसारखी धार येते. या दातांनी मार्मोसेट झाडाची साल कोरतं आणि आतून पाझरणारा डिंक खातं.

वरच्या सुळ्याचं मूळही लांब असतं, थेट डोळ्याच्या खालपर्यंत जातं. म्हणून डोळ्याखाली सूज आली की मालकाला वाटतं डोळा बिघडला. प्रत्यक्षात अनेकदा सुळ्याच्या मुळाशी पू झालेला असतो. बाहेरून हे कळत नाही, एक्स-रेत कळतं.

एक्स-रे काढतात कसा?

माकड स्थिर बसणार नाही, म्हणून आधी भूल द्यावी लागते. एवढासा जीव भुलीत पटकन थंड पडतो, त्यामुळे त्याला सतत ऊब द्यावी लागते. मग एक फोटो बाजूने आणि एक वरून काढतात. बाजूच्या फोटोत डावा आणि उजवा जबडा एकमेकांवर येतो. ते वेगळे दिसावेत म्हणून डोकं थोडं तिरकं ठेवून आणखी फोटो काढतात. एकेका दाताचं मूळ पाहायचं असेल, तर माणसांच्या दातांसाठी वापरतात तसा छोटा सेन्सर कामी येतो.

फोटोत काय शोधतात?

हाडातलं कॅल्शियम एक्स-रे अडवतं, म्हणून निरोगी हाड पांढरं दिसतं. कॅल्शियम कमी झालं की जबड्याची रेषा फिकट होते. दात मात्र ठळकच राहतात, त्यामुळे ते हवेत तरंगत असल्यासारखे दिसतात. हाडाचा हा आजार म्हणजे लहान मुलांमधल्या मुडदुसाचाच भाऊ. जबडा मऊ पडतो, खाणं अवघड होतं, साध्या उडीतही हाड मोडू शकतं. वाईट गोष्ट अशी, की एक्स-रेत फरक दिसेपर्यंत हाडातलं बरंच कॅल्शियम गेलेलं असतं.

असं का होतं?

कारण आहे व्हिटॅमिन डी. ते डी-२ आणि डी-३ अशा दोन रूपांत मिळतं. माणसाचं शरीर दोन्ही वापरतं, पण दक्षिण अमेरिकेतल्या या माकडांना डी-२ चा फारसा उपयोग होत नाही. त्यांना डी-३ लागतं, तेही भरपूर. ते अंगावर थेट ऊन पडलं की तयार होतं. खिडकीत ठेवलेल्या पिंजऱ्याचा इथे उपयोग नाही, कारण त्यासाठी लागणारे अतिनील किरण काच अडवते. त्यात केळी आणि बिस्किटांवर ठेवलं, की कॅल्शियमही मिळत नाही.

ब्रिटनमध्ये घरांतून सोडवून आणलेल्या मार्मोसेटमध्ये हा आजार वारंवार आढळला आहे. डॉर्सेटमधल्या 'मंकी वर्ल्ड' या केंद्राने अशी अनेक माकडं सांभाळली आहेत. इंग्लंडने २०२४ मध्ये नियम करून एप्रिल २०२६ पासून माकड पाळायला परवाना सक्तीचा केला. भारतातही अशा परदेशी प्राण्यांची सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

ऊन आणि योग्य आहार वेळेवर मिळाला तर हाडं पुन्हा बळकट होऊ शकतात, पण वाकडा झालेला जबडा सहसा सरळ होत नाही. पुढच्या वेळी असं रील समोर आलं, तर ते शेअर करण्याआधी एक प्रश्न स्वतःला नक्की विचारा: या माकडाच्या अंगावर ऊन कधी पडलं असेल?