नळीचा एसी आणि वाशिमचा उन्हाळा

पोर्टेबल एसी म्हणजे स्प्लिट एसीचा भिंतीवरचा आणि गच्चीवरचा असे दोन्ही भाग एकाच चाकांच्या पेटीत बसवलेले यंत्र. वजन साधारण तीस किलो, आणि पाठीमागे पाच-सहा इंच व्यासाची घडीची नळी. तिचे दुसरे टोक खिडकीबाहेर सोडायचे असते. भिंतीला भोक पाडावे लागत नाही, घर बदलले तर यंत्र सोबत नेता येते. त्यामुळे भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला किंवा बदलीच्या नोकरीवाल्याला हा पर्याय सोयीचा वाटतो. वाशिम, कारंजा, रिसोडसारख्या गावांत मात्र ती सोय किती कामाची, हे त्या नळीवर ठरते.

एसी थंडी तयार करत नाही. खोलीतली उष्णता उचलून तो बाहेर नेऊन टाकतो. हे काम आतला गॅस करतो. पूर्वी आर-४१०ए जास्त वापरात होता, आता आर-३२ किंवा प्रोपेन म्हणजे आर-२९० असतो. खोलीकडच्या कॉइलमध्ये कमी दाबाखाली द्रवरूपातला हा गॅस उकळतो आणि उकळताना लागणारी उष्णता कॉइलवरून वाहणाऱ्या हवेतून घेतो. हवा गार होते ती इथे. मग कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबतो, दाबाने ती तापते आणि दुसऱ्या कॉइलमध्ये उष्णता सोडून पुन्हा द्रव होते. बारीक नळीतून जाताना दाब उतरतो आणि फेरा नव्याने सुरू होतो. एक युनिट वीज खर्चून साधारण अडीच ते तीन युनिट उष्णता हलवता येते.

या हिशेबात एक गोष्ट सुटून जाते. कॉम्प्रेसरने खाल्लेली वीजही शेवटी उष्णताच होते आणि तीही बाहेर जावी लागते. दुसरी कॉइल पेटीतच, म्हणजे खोलीतच असल्यामुळे नळी बाहेर सोडली नाही तर खोली गार होण्याऐवजी तापते. ‘मिनी एसी’ म्हणून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या, पाणी किंवा बर्फ घालून चालणाऱ्या डब्यांना अशी नळी नसते. ते एसी नव्हेतच, लहान कूलर आहेत, आणि किमतीच्या मानाने फार लहान.

एकच नळी असलेल्या यंत्राची खरी अडचण हवेची आहे. गरम कॉइल थंड ठेवायला पंखा खोलीतलीच हवा ओढतो, तिला तापवतो आणि बाहेर फेकतो. फेकलेल्या हवेची जागा रिकामी राहत नाही. दाराखालच्या फटीतून, खिडकीच्या चौकटीतून, टिनपत्र्यांच्या जोडांतून तेवढीच हवा आत शिरते. ती येते रस्त्यावरची, मे महिन्यातली. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली घेतली तर तिच्यात सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. यंत्र तासाला ३५० घनमीटर हवा बाहेर टाकते असे धरले, तर खोलीतली सगळी हवा तासाभरात दहा वेळा बदलते. बाहेर ४२ अंश आणि आत २७ अंश असताना या आत येणाऱ्या हवेला गार करण्यातच जवळपास दीड किलोवॅट क्षमता जाते. एक टनाच्या यंत्राची कागदावरची क्षमता साडेतीन किलोवॅट असते. म्हणजे चाळीस टक्क्यांहून अधिक काम स्वतःच ओढून आणलेल्या उन्हावर खर्च होते. त्यात खोलीतून जाणारी तापलेली नळी शेकोटीसारखी उष्णता देत राहते ती वेगळीच.

एक टन म्हणजे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी ओढण्याचा वेग. हे माप सोयीचे असले तरी पोर्टेबल यंत्रांबाबत फसवे ठरते, कारण जुन्या चाचणीत बाहेरून शिरणारी हवा धरलीच जात नव्हती. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २०१६ मध्ये ती धरणारी चाचणी आणली, तेव्हा १४ हजार बीटीयूची (हेही गार करण्याच्या क्षमतेचेच माप) म्हणवणारी यंत्रे नव्या मापात आठ ते दहा हजारांवर आली.

दोन नळ्यांची यंत्रे हा दोष बराच कमी करतात. एका नळीने बाहेरची हवा आत येते, गरम कॉइलवरून जाते आणि दुसरीने बाहेर पडते. खोलीतल्या हवेला हात लागत नाही. एकच नळी असेल तर ती जितकी आखूड, सरळ आणि उष्णतारोधक आवरणात गुंडाळलेली, तितके बरे. खिडकीचा प्रश्नही छोटा नाही. यंत्रासोबत मिळणारी पट्टी सरकत्या खिडकीसाठी बनवलेली असते. वाशिम जिल्ह्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्या लाकडी, दोन पाखांच्या आणि गज बसवलेल्या. तिथे प्लायचा तुकडा कापून नळीपुरते गोल भोक पाडावे लागते आणि उरलेल्या फटी बुजवाव्या लागतात. उघड्या पाखातून नळी नुसती लोंबकळती सोडली, तर विजेचे बिल तेवढे वाढते.

याच खोलीत पत्र्याचा कूलर वेगळ्याच नियमाने चालतो. पाण्याचे बाष्प होताना हवेतली उष्णता खर्च होते आणि हवा जितकी कोरडी, तितके बाष्प जास्त. दुपारी ४२ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या ताट्यांतून येणारी हवा २८ अंशांपर्यंत उतरू शकते. मोठा कूलर त्यासाठी तासाला दहा लिटरच्या आसपास पाणी पितो, पण वीज जेमतेम दोनशे वॅट घेतो आणि घरच्या इन्व्हर्टरवर चालतो. पोर्टेबल एसीला हजार-बाराशे वॅट आणि १६ अँपिअरचा जाड पिनांचा प्लग लागतो. वाशिमच्या कोरड्या एप्रिल-मेमध्ये चांगला कूलर एका नळीच्या एसीला सहज भारी पडतो. पाणी टँकरने येत असेल तिथे मात्र हे गणित बदलते.

पाऊस सुरू झाला की बाजू पालटते. जुलैत ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला कूलरची हवा दोन-तीन अंशांनीच उतरते, वर चिकचिक वाढते. तेव्हा एसी आपले दुसरे काम दाखवतो. गार कॉइलवर हवेतली वाफ दवासारखी साचते आणि खोली कोरडी होते. बऱ्याच यंत्रांत हे पाणी गरम कॉइलवर उडवून नळीतूनच बाहेर घालवले जाते. मेमध्ये असे पाणी जवळपास मिळतच नाही. दमट दिवसांत ते इतके येते की खालची टाकी भरते आणि यंत्र आपोआप बंद पडते. नादुरुस्त झाले समजून मेकॅनिकला बोलावण्याआधी टाकी रिकामी करून पाहावी. कूलर आणि एसी एकाच खोलीत एकदम लावणे तर व्यर्थच, कारण कूलर हवेत घालतो तेच पाणी एसीला उपसावे लागते. कूलरला खिडकी उघडी लागते आणि एसीला बंद.

थंडीच्या दिवसांत हेच यंत्र उलटे चालवता येते, मात्र त्यासाठी आत चार तोंडांची झडप हवी. ती गॅसचा प्रवाह फिरवते. मग खोलीकडची कॉइल गरम होते आणि नळीकडची गार. साधा हीटर एका युनिट विजेतून एकच युनिट उष्णता देतो, तर उलट्या फेऱ्यात खोलीकडच्या कॉइलवर दोन-अडीच युनिट मिळते. एक नळी असेल तर इथेही बाहेरची हवा आत ओढली जातेच. पण जानेवारीच्या रात्री बाहेर १२ आणि आत २२ अंश असतील, तर फरक दहाच अंशांचा राहतो. मेमध्ये तो पंधराचा असतो. म्हणून गळतीचा फटका काहीसा कमी बसतो. काही यंत्रांत झडप नसते, नुसती तापणारी तार असते. त्यांना हीटरहून जास्त काही जमत नाही. खऱ्या उलट्या फेऱ्यात पाणी साचते ते नळीकडच्या गार कॉइलवर, आणि गरम कॉइलवर उडवून ते घालवण्याची सोय तेव्हा बंद असते. त्यामुळे हिवाळ्यात निचऱ्याची बारीक नळी लावून ते बादलीत किंवा मोरीत सोडावे लागते.