चिलटाचें हृदय

पिकलेल्या केळ्यांभोंवतीं घोटाळणाऱ्या चिलटास हृदय असेल, अशी शंकाहि आपणांस कधीं येत नाहीं. परंतु थॉमस हंट मॉर्गन यांनीं १९१० सालीं न्यूयॉर्क येथें पांढऱ्या डोळ्यांचें एक चिलट हेरलें, तेव्हांपासून आनुवंशशास्त्राचें बरेंचसें ज्ञान या क्षुद्र जीवावांचून मिळालेंच नसतें. आणि मनुष्यहृदयाविषयींचें ज्ञानहि त्यास अपवाद नाहीं.

चिलटाचें हृदय म्हणजे पाठीलगत असलेली, सुमारें एक मिलिमीटर लांबीची स्नायूंची नळी. ती आकुंचन पावली कीं रक्तासारखा रस अंगभर पसरतो. प्राणवायु मात्र त्या रसांतून जात नाहीं. तो निराळ्या श्वासनलिकांनीं थेट पेशींपर्यंत पोंचतो. त्यामुळें हृदय बिघडलें तरी चिलट तत्काळ मरत नाहीं, व संशोधकांस तो बिघाड सावकाश पाहतां येतो.

१९९३ सालीं रॉल्फ बॉडमर यांनीं दाखविलें कीं, एक विशिष्ट जनुक निकामी असल्यास चिलटाच्या गर्भांत हृदय मुळीं घडतच नाहीं. त्या जनुकाचें नांव 'टिनमॅन'. एका प्रसिद्ध अमेरिकन बालकथेंत हृदय नसलेला पत्र्याचा माणूस आहे, त्यावरून तें पडलें. हृदय घडविणाऱ्यास हृदयशून्याचें नांव! पण एखादी वस्तु नसतां काय होत नाहीं, यावरून तिचें कार्य ठरविण्याची व्यतिरेकाची रीत आपल्या नैयायिकांस नवी नव्हती.

या जनुकाचें भावंड मनुष्यांतहि आहे. कांहीं कुटुंबांत हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्यास छिद्र असलेलीं मुलें पिढ्यान् पिढ्या जन्मतात. त्यांपैकीं कांहींत या भावंडांतच दोष असल्याचें १९९८ सालीं आढळून आलें. प्रत्येक छिद्राचें कारण हेंच नव्हे. पण हा दोष आईकडून येतो तसाच बापाकडूनहि येतो. अशा मुलाच्या आईस 'ग्रहण पाळलें नाहींस' म्हणून आजन्म बोल लावणारीं घरें अजून आहेत. त्यांनीं हें वाचावें, अशी माझी फार इच्छा आहे.

चिलटाचें आयुष्य दोनेक महिन्यांचें. तेव्हां वार्धक्यहि थोड्या आठवड्यांत दृष्टीस पडतें. विजेच्या योगें ठोके वाढविले असतां तरुण चिलटाचें हृदय बहुधा तो ताण सोसतें. वृद्धाचें अधिक वेळां अडखळतें किंवा थांबतें. २००४ सालीं वेसल्स, बॉडमर आदींनीं इन्सुलिनचा संदेश पेशींत पोंचविणारी व्यवस्था मंद केली, तों वृद्ध चिलटांचीं हृदयें तरुणांसारखा ताण सोसूं लागलीं. हा फेरफार केवळ हृदयापुरता केला तरी तेंच घडलें! म्हणजे हृदयाचें म्हातारपण निदान कांहीं अंशीं हृदयांतच ठरतें.

मधुमेही वाचकांनीं मात्र यावरून इन्सुलिन कमी करण्याचा विचार मनांतहि आणूं नये. चिलटांत जें केलें तें जनुकांत फेरफार करून. वैद्यानें ठरविलेल्या मात्रेशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं.