बंद घराचा श्वास

कॅनडा, स्वीडन, जर्मनी यांसारख्या थंड देशांत घर बांधताना पहिली काळजी असते ती आतली ऊब बाहेर जाऊ न देण्याची. १९७३ साली खनिज तेलाचे भाव भडकले आणि ही काळजी आणखी वाढली. भिंतींत उष्णतारोधक जाड थर आले, खिडक्यांना दोन-दोन, तीन-तीन काचा आल्या, फटी बुजवल्या गेल्या. पण याच फटींतून शिळी हवाही बाहेर जात होती! चार माणसांच्या घरात श्वासोच्छ्वास, स्वयंपाक, आंघोळ यांतून दिवसाला सुमारे १० लिटर पाणी बाष्परूपाने हवेत मिसळते. घर बंद असेल तर हे बाष्प थंड काचांवर दव होऊन बसते, कोपऱ्यांत बुरशी धरते आणि दमेकऱ्यांना तिचा त्रास होतो.

खिडकी उघडली तर? आपण हिशेब करून पाहू. घराला ताशी १५० घनमीटर ताजी हवा हवी आहे. बाहेर उणे १० अंश सेल्सिअस आणि आत २० अंश, म्हणजे फरक ३० अंशांचा. एवढी हवा सतत तापवायला सुमारे १५०० वॅट लागतात. म्हणजे एक मोठी शेगडी दिवसरात्र पेटती ठेवायची!

यावर उपाय म्हणजे उष्णता परत मिळवणारे वायुवीजन यंत्र. १९७७ साली कॅनडातील रेजायना येथे बांधलेल्या ‘सस्कॅचेवान कॉन्झर्व्हेशन हाऊस’ या प्रायोगिक घरात असे यंत्र बसवले होते. यात दोन पंखे असतात. एक स्वयंपाकघर व न्हाणीघरातली हवा बाहेर टाकतो, दुसरा बाहेरची हवा आत आणतो. हे दोन्ही प्रवाह पातळ पत्र्यांच्या थरांमधून एकमेकांच्या उलट दिशेने जातात. हवा मिसळत नाही, उष्णता मात्र पत्र्यातून पलीकडे जाते. बर्फावर उभ्या राहणाऱ्या पेंग्विनच्या पायांतील रक्तवाहिन्यांतही हीच युक्ती आहे. यंत्राने ८० टक्के उष्णता परत मिळवली, तर वरच्या १५०० वॅटांपैकी ३०० वॅटच भरून काढावे लागतात.

कॅनडा-जर्मनीत राहणाऱ्या नातेवाइकांकडून या यंत्राच्या तक्रारी आपल्या कानांवर येतात. त्या भौतिकशास्त्राच्या नजरेने पाहण्यासारख्या आहेत.

आत येणारी हवा गार लागते. साहजिकच आपण हवा आत येण्याचा मार्ग तपासू लागतो. दोष बहुधा दुसऱ्याच मार्गात असतो. बाहेर जाणाऱ्या हवेचा फिल्टर धुळीने भरला, की उबदार हवा कमी वाहते. उष्णता देणाराच तोकडा पडला, तर घेणारा तापणार कसा? फिल्टर काही महिन्यांनी साफ करावा किंवा बदलावा.

यंत्र मध्येच बंद पडते. बाहेर जाणारी दमट हवा यंत्रात थंड होते, तिच्यातील पाणी सुटते आणि कडाक्याच्या थंडीत गोठते. बर्फाने वाट अडू नये म्हणून अनेक यंत्रे अधूनमधून बाहेरची हवा थांबवून काही मिनिटे आतलीच हवा फिरवतात. हा बिघाड नव्हे. मात्र फार कडाका नसतानाही हे वारंवार होत असेल, तर पुन्हा बाहेर जाणाऱ्या हवेचा फिल्टर पाहावा.

यंत्राखाली पाणी ठिबकते किंवा दुर्गंधी येते. सुटलेले पाणी एका वाकड्या नळीतून गटारात जाते. नळी तुंबली किंवा यंत्र कलते बसवले असेल, तर पाणी खाली सांडते. नळीच्या बाकात थोडे पाणी कायम असावे लागते. उन्हाळ्यात ते सुकले, की गटाराचा वास घरात शिरतो. अशा वेळी बाकात तांब्याभर पाणी ओतले की पुरते.

हवा फार कोरडी वाटते. उणे १० अंशांच्या एक घनमीटर हवेत जेमतेम सव्वादोन ग्रॅम बाष्प मावते. २० अंशांच्या हवेत ते सुमारे १७ ग्रॅम मावते. म्हणजे बाहेरची हवा आत तापली, की तिची सापेक्ष आर्द्रता १३ टक्क्यांवर येते. दोष यंत्राचा नाही. पंख्याचा वेग थोडा कमी करावा. याउलट खिडक्यांवर दव धरत असेल, तर वेग वाढवावा.

पंख्याचा आवाज येतो. आवाजाला कंटाळून लोक यंत्रच बंद करतात, आणि खरा धोका इथे आहे. ताजी हवा थांबली हे कुणाला जाणवत नाही, कारण कार्बन डायऑक्साइडला वास नसतो. बाहेर तो दहा लाख भागांत सुमारे ४२० असतो. बंद खोलीत दोन माणसे झोपली, तर पहाटेपर्यंत तो २००० च्या वर जाऊ शकतो. फिल्टर, सैल झालेले जोड आणि पंख्यावरची धूळ आधी पाहावी.

दोन प्रवाह सारखे नसणे आणखी एका कारणाने घातक आहे. बाहेरची जाळी पाने, किडे किंवा बर्फाने बुजली, तर हवा बाहेर जास्त जाते आणि आत कमी येते. घरातला दाब उतरतो. मग शेकोटीचा धूर धुराड्यातून उलटा आत ओढला जातो, आणि त्याबरोबर विषारी कार्बन मोनॉक्साइडही.

हा असमतोल ओळखायला चार तापमापके पुरतात. समजा, बाहेर उणे १० आणि घरात २० अंश आहेत. आत येणारी हवा ८ अंशांची आहे आणि बाहेर टाकलेली उणे ८ अंशांची. म्हणजे एक प्रवाह १८ अंशांनी तापला, तर दुसरा २८ अंशांनी निवला. दिलेली उष्णता आणि घेतलेली उष्णता सारखीच असणार. मग कोणता प्रवाह कमी आहे, आणि किती? बाष्पाचे पाणी होताना सुटणारी उष्णता तूर्त बाजूला ठेवून हे गणित आठवी-नववीच्या मुलांना जरूर घालावे. बाहेर जाणारी हवा आत येणाऱ्या हवेच्या जेमतेम दोन-तृतीयांश आहे, हे ती स्वतः काढतील. कोणता फिल्टर आधी पाहायचा, हेही मग त्यांना सांगावे लागणार नाही.