विमानाचे नऊ तास

मागच्या वेळी आपण वैशेषिकांच्या नऊ द्रव्यांपाशी थांबलो होतो. दिक् आणि काल ही त्यांतली दोन वेगळी द्रव्यं. त्यावर एका श्रोत्यानं विचारलं, की विमानाच्या जमान्यात हा भेद हवाच कशाला? दोन विमानतळांमधल्या अंतराला वेगानं भागलं की वेळ आली, संपलं! आम्हीही असाच भागाकार एकदा केला होता, इथं मुरुमलाच.

वीस-बावीस वर्षं झाली. आमचे अण्णा पौषात, पहाटे चारला गेले. पुतण्या लंडनला. एस.टी.डी. बूथवाल्याला उठवून फोन लावला. तो म्हणाला, "काका, विमानाचे नऊ तास. थांबा, मी येतो." आम्ही हिशेब मांडला: दुपारी एकला मुंबई, पुढं दहा तास रस्ता, म्हणजे रात्री अकरा. गावाला तसं सांगून टाकलं.

आता अंतराचं पाहू. मुंबई ते लंडन, पृथ्वीच्या गोलावर दोरी ताणली तर सुमारे ७,२०० किलोमीटर. हे दिक्‌चं काम. ते बदलत नाही. पण विमान त्या दोरीवरून जातंच असं नाही. २०१९ मध्ये काही महिने आणि पुन्हा एप्रिल २०२५ पासून पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. दिल्ली आणि लंडन जागच्या जागी राहिले, प्रवास लांबला. वर उंचावर वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो, म्हणून लंडनला जाताना येण्यापेक्षा साधारण तासभर जास्त लागतो. शिवाय वेळापत्रकातली वेळ नुसत्या उडण्याची नसते. विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर उभं राहीपर्यंतची ती असते. मुंबई-हैदराबाद सरळ रेषेत ६२० किलोमीटर. भागाकारानं पाऊण तास येतो, तिकिटावर दीड तासाच्या आसपास दिसतो.

तिकिटावरचं घड्याळ तर आणखी फसवं. हिवाळ्यात मुंबईहून दुपारी दोनला निघून संध्याकाळी साडेसहाला लंडन, असं लिहिलेलं असतं. साडेचार तास नव्हेत, दहा! दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात आणि मध्ये साडेपाच तासांचा फरक असतो.

वैशेषिक 'परत्व', म्हणजे दूरपण, दोन प्रकारचं मानतात: दिशेनं आलेलं आणि काळानं आलेलं. मुरुमकराला हे पटायला हवं. लंडनला मुंबईपेक्षा हैदराबाद पाचशेएक किलोमीटरनं लांब. पण आपल्याला हैदराबादचा रस्ता मुंबईच्या निम्म्यावर येतो, तेव्हा लांबच्या विमानतळावरून माणूस घरी लवकर पोचतो. (निजामाच्या राज्यात वाढलेली आमची वडीलमंडळी 'हैदराबाद काय, इथंच की' म्हणायची, ते वेगळंच जवळपण!)

तर त्या पहाटेचं. इथं चार वाजले होते तेव्हा तिथं आदल्या रात्रीचे साडेदहा. त्या दिवसाची विमानं निघून गेलेली. सकाळी साडेनऊचं मिळालं, म्हणजे आपले दुपारचे तीन. मुंबईत उतरला मध्यरात्री. आम्ही अकरापासून दारात शेकोटी करून बसलेलो. बूथ बंद, कळवणार कुठं? सकाळी पाहुणे म्हणाले, आता किती ठेवायचं. आठला माती झाली.

पुतण्या अकराला आला. एकतीस तास लागले होते, त्यांत विमानाचे बरोबर नऊ.